फेडरवाले काका

डीजेच्या मिक्सरमध्ये काय सांडलंय हे काका वासावरून सांगायचे. गिऱ्हाईक उभं असायचं आणि हे स्क्रू ड्रायव्हरला हातही न लावता मिक्सर दोन्ही हातांनी उचलायचे, दांडी सरकते त्या फटीशी नाक न्यायचे आणि डोळे मिटायचे. "हळदीचा कार्यक्रम. वर कोणीतरी कोल्ड्रिंक ओतलंय." गिऱ्हाईक ओशाळून हसायचं. यांच्या चेहऱ्यावर मात्र, पेशंटने पथ्य मोडल्यावर डॉक्टरच्या चेहऱ्यावर असतो तसला वैताग.

नेहमी बरोबर असायचं असं नाही. माझ्या मिक्सरवर भाच्याचं खोकल्याचं औषध सांडलं होतं, तेव्हा त्यांनी वास घेऊन "रम" असं सांगितलं. मी म्हटलं, "काका, औषध आहे ते. मी स्वतः पुसलंय." ते म्हणाले, "तुला ठाऊक नसेल. घरात कोणीतरी पितंय." ही गंमत मी घरी सांगितली, तर आई बरेच दिवस माझ्या भावाकडे संशयाने बघत होती.

आम्ही दादरचे. घरात सगळे नोकरीवाले. मीही विम्याच्या कंपनीत आहे, पण शनिवार-रविवारी हळदी, बारशी, संगीत असे कार्यक्रम डीजे म्हणून करते. आई नातेवाइकांना सांगते, "ती लग्नात गाणी लावते." सुरुवातीला जुनं मिक्सर घेतलं होतं. त्याच्या मधल्या फेडरला, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांडीला, हात लावला की स्पीकरमधून तळणीत पाणी पडल्यासारखा आवाज यायचा. एका बारशाला पाळणा सुरू असताना तो इतका मोठ्याने आला की बाळ दचकून रडायला लागलं आणि बाळाची आत्या माझ्यावर चिडली. दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या साउंडवाल्याने लालबागचा पत्ता दिला. "माणूस जरा सटकेल आहे," तो म्हणाला, "पण साफ करून देईल."

चाळीच्या जिन्याखाली त्यांचा गाळा होता. आत एक माणूस बसेल आणि एक उभा राहील एवढीच जागा. भिंतीवर उघडलेल्या मिक्सरांची झाकणं खिळ्यांना टांगलेली. टेबलावर जुना पांढरा टॉवेल, त्यावर कापसाच्या काड्या, स्पिरिटची बाटली, रंगकामाचे बारीक ब्रश आणि दाढीचा एक ब्रश. बोर्ड नव्हता. गाणं नावाची गोष्ट त्या गाळ्यात कधी वाजली नाही. साफ केलेला फेडर ते रेडिओवरच्या बातम्यांवर तपासायचे. "गाण्यात सगळी घाण लपते," म्हणायचे. "माणूस सावकाश बोलत असला की एवढीशी खरखर पण कळते."

स्वतः ते इतक्या खालच्या आवाजात बोलायचे की पुढे वाकावं लागायचं. रस्त्यावर बस, टेम्पो, हॉर्न, आणि हे कानात सांगितल्यासारखे बोलणार. कोणी "काय?" म्हणालं की परत सांगायचे नाहीत. गिऱ्हाइकं त्यामुळेही तुटली.

फेडर बदलणं त्यांना मान्य नव्हतं. ग्रँट रोडला गेलं तर चहा संपेपर्यंत नवा फेडर बसवून देतात, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा तेच शहाणपणाचं असतं. पण काका जुनाच उघडायचे. त्याच्या पत्र्याचे कान चिमट्याने हलकेच उचलायचे. आत काळ्या थराची एक पट्टी असते आणि तिच्यावरून केसासारखे बारीक धातूचे ब्रश फिरतात. वर्षानुवर्षं फिरून पट्टीवर एक चकचकीत वाट पडते, तिथला थर संपलेला असतो. मग ते भिंग लावून त्या ब्रशांना किंचित बाजूला वाकवायचे, म्हणजे ते शेजारच्या न झिजलेल्या भागावरून चालायला लागायचे. "हिला बाजूला जागा आहे अजून," असं पुटपुटायचे. ते जमलं की दिवसभर खूश. कधी कधी ब्रश तुटायचा, आणि मग त्यांचं तोंड असं व्हायचं की गिऱ्हाइकानेच त्यांची समजूत काढावी.

एकदा एक जण फेडरमध्ये खोबरेल तेल घालून आला. घट्ट सरकत होता म्हणून घातलं, म्हणाला. काकांनी वास घेतला, मिक्सर त्याच्या हातात परत दिलं आणि शटर ओढून घेतलं. आत स्वतः बसलेले, बाहेर तो माणूस. बराच वेळ तो शटर वाजवत होता. शेवटी वरच्या गॅलरीतून काकींचा आवाज आला, "ओ, उघडा ता. माणूस उन्हात उभो आसा." शटर वर गेलं.

काकींचा आवाज हा त्या चाळीतला मोठा प्रकार होता. काका जितके हळू बोलायचे, तितक्या त्या मोकळ्या गळ्याने. "जेवूक येतास काय नाय?" ही हाक पलीकडच्या फुटपाथपर्यंत जायची. भाजीवाल्याशी भाव त्या पहिल्या मजल्यावरूनच करायच्या. मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा गॅलरीतूनच विचारलं, "डीजे तू वाजवतंस? तू? बरा गो बाय. वर ये, चाय घे." मी वर गेले. दोघांची ती एकच खोली, रस्त्याच्या बाजूला खिडकी. चहा पिता पिता त्या हसत म्हणाल्या, "ह्यांका माझो पण आवाज सोसवत नाय. पण मिया खंय फेडर बसवून घेऊ?" काका दारात उभे राहून ऐकत होते आणि चक्क लाजले होते.

मग काकींना झटका आला. उजवी बाजू गेली आणि आवाज गेला. अगदीच गेला नाही, पण उरला तो श्वासाएवढा. शब्द अर्धे यायचे, उरलेले ओठांवर. मुलगी, वैशाली, लग्न होऊन शीवला राहते. ती रविवारी यायची. बाकी सगळं काकाच करायचे. गाळा दुपारपुरता उघडायचे. काम चालू असतानाच मध्येच उठून वर जायचे, काकींच्या तोंडाशी कान न्यायचे, त्या काय म्हणतात ते ऐकून खाली यायचे. मी एकदा विचारलं, "कळतं का सगळं?" ते म्हणाले, "कळतं. जवळ गेलं की कळतं. बाजूला कोण बोलत नसलं पाहिजे, बस." मग म्हणाले, "आधी एवढं बोलायची, मी अर्धं ऐकायचो नाही. आता एक शब्द सुटला तर रात्रभर झोप नाही."

लालबाग-परळमध्ये गणपतीच्या आधीचे रविवार म्हणजे आगमनाचे. कारखान्यांतून मोठमोठ्या मूर्ती ट्रॉलीवर बाहेर पडतात, पुढे ढोल नाहीतर साउंडची गाडी, मागे हजारो पोरं. त्या रविवारी काका दुपारपासून वर असायचे. खिडकीला आतून गोधडी बांधायचे, काकींच्या कानांत कापूस घालायचे. त्यांतल्या कितीतरी गाड्यांवरची मिक्सरं यांनीच साफ केलेली असायची. मला ते चमत्कारिक वाटायचं. एकदा बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "मी आवाज वाढवून देतो काय? तो तर कोणीपण वाढवतो. मी कमी करायची सोय नीट करून देतो. ती कोण वापरत नाही, त्याला मी काय करू?"

आसपासच्या मंडळांची पोरं मात्र वापरायची. काका गॅलरीत येऊन हात दाखवायचे, आणि गाडी चाळीपुढून जाईपर्यंत ऑपरेटर आवाज खाली घ्यायचा. पुढे गेल्यावर परत वर. त्या पोरांना काकी माहीत होत्या, लहानपणी त्यांच्या ओरड्याला घाबरून पळालेली पोरं ती.

अशाच एका रविवारी मी माझं मिक्सर न्यायला गेले होते. रस्ता बंद, सगळीकडे बांबू बांधलेले, गर्दीतून वाट काढत पोहोचले तर गाळ्याचं शटर खाली. म्हणून वर गेले. वैशाली यायची होती, पण ती शीवहून निघून कुठेतरी अडकली होती. काका कॉटच्या कडेला बसले होते. मला म्हणाले, "बस. ही गाडी जाऊ दे, मग देतो तुझं."

ती गाडी गेली नाही. मूर्ती मागे कुठेतरी केबलला अडकली म्हणून सगळी मिरवणूक थांबली आणि साउंडची गाडी नेमकी चाळीपुढे उभी राहिली. मी स्वतः डीजे आहे, मला आवाजाची सवय आहे. पण त्या खोलीत मांडणीवरची ताटं एकमेकांवर आपटत होती, लोखंडी कॉट थरथरत होती, आणि माझ्या छातीतले ठोके माझे आहेत की त्या स्पीकरचे हे मला कळेना. काका गॅलरीत गेले, हात दाखवला. कोणी वर बघितलं नाही. गाडी बाहेरची होती, कुठल्या तरी दुसऱ्या भागातल्या मंडळाची.

काकी अस्वस्थ झाल्या होत्या. डावा हात चादरीवर सारखा घासत होत्या. त्यांचे ओठ हलायला लागले. काका खाली वाकले, कान तोंडाला लावला. वर झाले, परत वाकले. त्यांनी दुसऱ्या कानावर हात दाबून धरला, डोळे मिटले. मग माझ्याकडे बघितलं. त्यांना काही कळलं नव्हतं. काकी परत तेच म्हणत होत्या, ओठ तसेच हलत होते, आणि मलाही कळत नव्हतं. काकांनी मला खुणेने कॉटवर बसायला सांगितलं, काकींचा डावा हात माझ्या हातात दिला आणि जिना उतरून गेले.

खिडकीची गोधडी एका कोपऱ्यात सुटली होती, तिथून मला खालचं दिसत होतं. पांढऱ्या बनियनमधले काका गर्दीत आडवे शिरले. गाडीच्या मागच्या बाजूला चढले. ऑपरेटर पंचविशीतला असेल, डोक्याला रुमाल बांधलेला. काका त्याला काहीतरी सांगत होते, अर्थातच आपल्या त्या खालच्या आवाजात. तो कानाला हात लावून "काय?" विचारत होता. काकांनी परत सांगितलं. मी त्यांना कोणासाठी परत सांगताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. तो हसला, मान हलवली आणि समोरच्या पोरांकडे बघून हात वर केला.

तेव्हा काकांनी हात पुढे करून मुख्य फेडर खाली ओढला.

ते मिक्सर त्यांच्याच हाताखालून गेलेलं होतं, हे नंतर कळलं. कोणा मध्यस्थाकडून आठवड्याभरापूर्वी गाळ्यात आलं होतं. जराही खरखर न होता आवाज सरळ उतरत गेला आणि थांबला. सगळा रस्ता एकदम गप्प झाला. काय झालं हे पोरांना कळायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात काकींनी माझा हात दाबला आणि दाराकडे बघत विचारलं, "खंय गेले?"

बारीक आवाजात, पण अगदी नीट. एकही अक्षर अडखळलं नाही.

मी म्हटलं, "खालीच गेलेत काकी. येतायत."

मग पोरांनी शिट्ट्या मारल्या, आरडाओरडा सुरू झाला, आणि ऑपरेटरने फेडर परत वर नेला. काका पुन्हा हात पुढे करत होते, पण त्याने फेडरवर आपला पंजा झाकून ठेवला होता. टी-शर्ट घातलेल्या दोन कार्यकर्त्यांनी काकांना दंडाला धरून खाली उतरवलं. मारलं नाही, शिवीही दिली नसावी. उलट एकाने त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली. बाजूला दोरखंड धरलेल्या पोरांची साखळी होती, तिच्या पलीकडे त्यांना उभं केलं. चाळीचं दार समोर दिसत होतं आणि मध्ये माणसंच माणसं. ते हाताने वर दाखवत होते. साखळीतला पोरगा मान डोलावत होता, म्हणजे होय काका, गाडी जाऊ दे, मग सोडतो.

माझ्या हातातला काकींचा हात सैल पडला. आधी वाटलं थकल्या. मग त्यांचं तोंड एका बाजूला ओघळलं. मी खिडकीशी गेले, गोधडी ओढून काढली आणि जीव खाऊन ओरडले. काका खाली उभे होते, मला दिसत होते, आणि त्यांनी वर बघितलं नाही. शेजारच्या खोलीतल्या बाई माझ्या ओरडण्याने नव्हे, तर मांडणीवरून पडलेलं ताट घरंगळत दाराबाहेर आलेलं दिसलं म्हणून आल्या.

ते वर आले तेव्हा त्यांच्या हातात ती पाण्याची बाटली तशीच होती. चाळीतल्या पोरांनी काकींना खुर्चीत बसवून मागच्या गल्लीने बाहेर काढलं, हॉस्पिटलमध्ये पोहोचवलं. त्या काही दिवस राहिल्या. बोलल्या नाहीत, आणि मग गेल्या. डॉक्टरांनी वैशालीला सांगितलं की असा दुसरा झटका कधीही येऊ शकतो, शांत खोलीतही आला असता. वैशालीने ते काकांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले.

बाराव्या-तेराव्यानंतर तो ऑपरेटर गाळ्यात आला. झटापटीत फेडरची दांडी वाकली होती. याच माणसाने तो ओढला होता, हे त्याच्या लक्षात होतं. पण काकी गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. मी तिथेच होते, मला वाटलं काका त्याला हाकलतील. ते त्याच्याकडे बघत राहिले, मग मिक्सर घेतलं. या वेळी वास घेतला नाही. उघडलं, दांडी सरळ केली, पट्टी पुसली, बंद केलं. तो म्हणाला, "त्या दिवशी सॉरी हां काका. पब्लिक एकदम चढली होती, मी तरी काय करणार." काका म्हणाले, "हो, तू काय करणार." तो गेल्यावर मी चिडून बोलले, बरंच बोलले. त्यांनी टॉवेलवरच्या काड्या गोळा केल्या आणि डब्यात टाकल्या. म्हणाले, "त्याला समोर गणपती दिसत होता. तिला आणि मला कोण बघणार?"

नंतर कामं यायची आणि उघडून पडायची. एकाही मिक्सरचं झाकण परत लागेना. लोक येऊन भांडून आपापली मिक्सरं पिशव्यांत भरून घेऊन गेले. गाळा वैशालीने भाड्याने दिला, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. काकांना ती शीवला घेऊन गेली.

मागच्या महिन्यात मी तिकडे गेले होते. खोली मागच्या बाजूची, समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. इतकी शांत की पंख्याचा आवाज मोठा वाटावा. काका बारीक झालेत. वैशालीने चहा आणला आणि मला आत बोलावून म्हणाली, "ताई, ते दिवसभर ओठ हलवत बसतात. आई तेव्हा काय म्हणत होती ते शोधतात. पाणी म्हणत होती का, खिडकी म्हणत होती का. आरशासमोर करून बघतात. मला विचारतात, मी तर तिथे नव्हतेच."

मी बाहेर येऊन बसले. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तू होतीस तिथे."

"होते."

"मी खाली गेलो त्याच्या आधी ती काय म्हणाली?"

"ते मलाही नाही कळलं, काका."

त्यांनी मान हलवली. हे त्यांना अपेक्षितच होतं. मग त्यांनी विचारलं, "आणि मी फेडर ओढला तेव्हा? आवाज गेला होता तेव्हा?"

हे त्यांनी आजवर विचारलं नव्हतं आणि मीही आपण होऊन सांगितलं नव्हतं. सांगून त्यांच्या हाती काय लागणार होतं? पण आता त्यांनी सरळ विचारलं होतं.

"तेव्हा बोलल्या," मी म्हटलं. "तुम्हाला शोधत होत्या. ‘खंय गेले’ असं विचारलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. "नीट ऐकू आलं तुला?"

"अगदी नीट."

"म्हणजे तेवढा वेळ शांत झालं होतं."

"हो."

"आणि मी नव्हतो."

वैशाली दारात येऊन उभी राहिली होती. काकांनी खुर्ची माझ्या जवळ ओढली, वाकले आणि कान माझ्या तोंडाशी आणला. त्यांच्या केसांना तेलाचा वास येत होता.

"तिने म्हटलं तसं म्हण," ते म्हणाले.

मी म्हटलं, "खंय गेले?"

"एवढ्या मोठ्याने नाही."

मी आणखी हळू म्हटलं. त्यांनी डोळे मिटले होते. मी परत म्हटलं, नुसत्या श्वासावर, मलाही जेमतेम ऐकू आलं इतकं. ते तसेच वाकून वाट बघत राहिले. मग सरळ झाले, खुर्ची जागेवर सरकवली आणि म्हणाले, "नाही. असं नाही."